आमचीच

दुर्राने बिल्ला वाचला आणि ती हसली. झालं ते एवढंच. हसण्यात कुचेष्टा नव्हती. हरवलेली वस्तू एखाद्या दिवशी कपाटामागे सापडावी तसं ते हसू होतं, आणि म्हणूनच जुहूरला ते दिवसभर पुरलं. "आतिग बिन शहबून?" बिल्ल्यावर बोट टेकवून दुर्राने विचारलं. बिल्ल्यामागे कोणाची तरी छाती आहे हे तिच्या गावीही नव्हतं. "अगं बाई, जेरबा बेटावरची का तू? मग तू आमचीच की!" आणि चाकाच्या खुर्चीतल्या आईकडे वळून, बहिऱ्याशी बोलावं तशी ती ओरडली, "आई, बघितलंस का कोण निघालं? आपल्या घरचीच आहे ही!" हाज्जा झुबैदा बिन शहबून बहिरी नव्हती. वय शहात्तर, दीड महिन्यापूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलेलं, जीभ जड, उजवा हात मुठीत मिटून छातीशी धरलेला. तिने जुहूरकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि मग नजर खिडकीबाहेरच्या ऑलिव्हच्या झाडांकडे नेली. "हाज्जा, हात इकडे द्या," जुहूर म्हणाली. तिचा स्वत:चा आवाज तिला नेहमीसारखाच ऐकू आला. तिने मनगटाखाली तळवा धरला, एकेक बोट उलगडून पाहिलं, कोपर कुठपर्यंत सुटतं ते मोजलं, कागदावर आकडे लिहिले. आठ वर्षं ती हेच करत होती. माणसं पायांसाठी खालच्या मजल्यावर जात आणि हातांसाठी वर तिच्याकडे येत. व्यवसायोपचार हा भला मोठा शब्द पुनर्वसन केंद्राच्या पाटीवर होता, पण सगळे तिला 'हातवाली' म्हणत आणि तिला ते आवडे. हात धुणं, घास घेणं, बटण लावणं, कुलूप उघडणं: ज्या कामांनी माणूस आपला आपण राहतो ती त्याला परत मिळवून द्यायची, हा तिचा धंदा. आकडे लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पेन इतकं घट्ट धरलंय की अंगठ्याचं टोक पांढरं पडलंय.

आमची. हा शब्द माणसं कशाकशाला लावतात, याचा ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत विचार करत बसली. समोरच्या डब्यातलं हिरव्या गव्हाचं, फ्रिकेचं सूप गार झालं. आमची सून, आमची शेळी, आमची विहीर. बिल्ला नवीन होता, त्याच सकाळी वाटलेला. आधीच्या बिल्ल्यावर नुसतं 'जुहूर आ.' होतं आणि त्या 'आ'च्या आड ती आठ वर्षं सुखाने राहिली होती. पण यंदा व्यवसायोपचारकांच्या संघटनेने ठराव केला होता की आपल्या पेशात सगळ्या प्रांतांची, सगळ्या रंगांची, अपंग आणि धडधाकट अशी सगळी माणसं दिसली पाहिजेत, आणि त्या ठरावाची केंद्रातली पहिली अंमलबजावणी म्हणून केंद्राच्या प्रमुख मादाम सिहाम यांनी सगळ्यांचे बिल्ले पूर्ण नावाने छापून घेतले होते. 'पूर्ण नाव, पूर्ण ओळख.' जुहूरने आपला लावून घेतला. काय करणार? शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी हजेरी घेताना तिचं नाव वाचलं होतं आणि थांबून, नव्या मुलांना समजावं म्हणून, चांगल्या मनाने फळ्यावर अर्थ लिहिला होता. आतिग म्हणजे मोकळा केलेला. आतिग बिन शहबून म्हणजे बिन शहबूनांनी मोकळा केलेला. ट्युनिसच्या बेच्या, म्हणजे राजाच्या, फर्मानाने गुलामी संपली, तेव्हा ज्याने ज्याला सोडलं त्याचं नाव सुटलेल्याच्या नावाला चिकटलं ते चिकटलंच. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा त्याच आडनावाचा एक गोरा मुलगा वळून तिच्याकडे पाहत होता. चिडवत नव्हता. नुसता पाहत होता, आपल्या मालकीचं काहीतरी शाळेतही निघालं म्हणून जरासा चक्रावून. घरी येऊन तिने बापाला विचारलं, "हे नाव आपण काढून का टाकत नाही?" बाप, बलगासम, कुंभारांच्या वखारीत रांजण गाडीवर चढवायचा. त्याने खांद्यावरची भुशाची पिशवी उतरवली आणि तिच्याशी बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसा बोलला. "चोरीचा पुरावा कोण जाळतो गं? चोर. आपण कशाला जाळायचा? राहू दे लिहिलेला. लाज त्यांची आहे." पुढे कोर्टात अर्ज करून हे नाव काढता येतं अशी बातमी आली तेव्हा तिच्या थोरल्या भावाने ते काढलं. बापाने नाही, तिनेही नाही. पण पुरावा पेटीत ठेवणं वेगळं आणि छातीवर लावून हिंडणं वेगळं, हे तिला आज कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने हाज्जाला नेहमीचे प्रश्न विचारले. आजारापूर्वी तुमचा दिवस कसा जायचा, हातांनी काय काय करायचात, त्यातलं काय पुन्हा करावंसं वाटतं. उपचार तिथूनच सुरू होतो; मासे पकडणाऱ्याला जाळं द्यायचं, शिंपिणीला सुई. हाज्जाने तोंड उघडलं, शब्द जुळवू लागली, तोवर दुर्राने उत्तर देऊन टाकलं. "आई काही करायची नाही. तिला करावंच लागलं नाही कधी." यात अभिमान होता. "हाज्जा, तुम्ही सांगा," जुहूर म्हणाली. "अगं तिला बोलता येत नाही नीट, मी सांगते ना," दुर्रा म्हणाली, आणि पिशवीतून घडी केलेला एक निळा झगा काढून तिने टेबलावर ठेवला. "हा तुझ्यासाठी आणलाय. माझाच आहे, दोनदासुद्धा घातला नसेल. आपल्या माणसाला द्यायला बरं वाटतं. आणि ऐक, ईदला आमच्याकडे पाहुणे असतात खूप, दोन दिवस येशील का हाताखाली? आईलाही बरं वाटेल." जुहूरने झग्याकडे पाहिलं, कापड खरंच चांगलं होतं. "केंद्रात भेट घेत नाही आम्ही," ती म्हणाली, "आणि ईदला मी माझ्या घरी असते." "बघ हं, रुसली," दुर्रा लाडाने म्हणाली. त्याच क्षणी हाज्जाच्या तोंडातून, ओल्या कापडातून पाणी पिळून निघावं तसा, एक शब्द निघाला. "सअदिया." दुर्राला तो कळला नाही. जुहूरला कळला. सअदिया हे तिच्या आजीचं नाव होतं.

आजी नवव्या वर्षी एका घरी कामाला लागली आणि साठी उलटल्यावर सुटली, एवढं तिला ठाऊक होतं. कुठल्या घरी, ते नावातच लिहिलेलं होतं, पण त्या घराला चेहरे असतील, त्यातल्या एका चेहऱ्याचे केस आजीने रोज विंचरले असतील, ही गोष्ट जुहूरने कधी मनात पुरी केलीच नव्हती. आजीचे हात तिला आठवत होते. लोकर धुऊन, जातं ओढून, दुसऱ्यांचे गालिचे घासून झाल्यावर ते हात सांध्यासांध्यातून वळले होते, बोटं सगळी एका बाजूला, वाऱ्याने झुकलेल्या खजुरासारखी. शेवटची चार वर्षं तिला चमचा धरता आला नाही. जुहूरची आई तिला भरवायची आणि भरवून घेताना आजी डोळे मिटून घ्यायची, लाजेने. त्या वेळी त्या गावात कोणाला माहीत नव्हतं की चमच्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळलं, मनगटाला साधा आधार दिला, तर ती बाई स्वत:च्या हाताने जेवली असती. पाच मिनिटांचं काम. ते जुहूर ट्युनिसला शिकायला आल्यावर पहिल्याच वर्षी शिकली आणि त्या दिवशी वर्गातून उठून बाहेर गेली. बाराजणींच्या वर्गात ती एकटी काळी होती. हाताला आधार देणारं स्प्लिंट तयार करायला शिकवताना बाईंनी गरम पाण्यातून गुलाबीसर प्लॅस्टिकचा तुकडा काढला आणि म्हणाल्या, "हा त्वचेचा रंग, म्हणजे दिसून येत नाही." अकरा मुलींनी माना डोलावल्या आणि मग एकेक करून त्या जुहूरच्या हातांकडे पाहू लागल्या. बाई ओशाळल्या, पण तुकडा तोच राहिला. आजही कपाटात तेच होते. गेल्या साली गाबेसहून आलेल्या एका काळ्या सुताराला तिने असं स्प्लिंट बसवलं तेव्हा तो हात उलटासुलटा करून म्हणाला होता, "ताई, हा हात कोणाचा लावलात मला?" दोघंही खूप हसले होते. हसू ओसरल्यावर तिने मागणीपत्रात काळं प्लॅस्टिक लिहिलं होतं, आणि ते तीनदा 'उपलब्ध नाही' म्हणून परत आलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने हाज्जाला सरावाच्या स्वयंपाकघरात नेलं. छोटी चूल, बुटकं टेबल, मोरी, फडताळ, सगळं घरासारखं. दुर्रा औषधं आणायला खाली गेली होती. हाज्जाची मूठ सैल होत नव्हती, म्हणून जुहूरने तसराळ्यात गरम पाणी घेतलं, दोन्ही हात त्यात बुडवले आणि पाण्यात चहाचा एक काचेचा पेला सोडला. गरम पाण्यात बोटं सुटतात आणि सुटलेल्या बोटांना धरायला काहीतरी लागतं. डाव्या हाताने पेला धरायचा, उजव्याने फिरवायचा. हाज्जा पेल्याकडे जनावराकडे पाहावं तशी पाहत राहिली. मग उजवा अंगठा हलला. पेला निसटला, पुन्हा धरला. पाण्यावर बुडबुडा आला आणि म्हातारी हसली, अर्ध्याच तोंडाने, पण पोटातून. शहात्तर वर्षांत या हातांनी कधी पेला विसळला नव्हता. जुहूर खाली वाकून तिच्या मनगटाला आधार देत होती. दोन हात गोरे, सुरकुतलेले, दोन हात काळे, सगळे एकाच पाण्यात. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"हे काय चाललंय?"

"पेला विसळताहेत," जुहूर म्हणाली.

"कोण? माझी आई?" दुर्राने औषधाची पिशवी टेबलावर टाकली. "आईने जन्मात भांड्याला हात लावला नाही. आमच्याकडे माणसं होती त्याला."

"हो. आणि त्या माणसांना हात होते."

दुर्रा पुढे आली, आईचे हात तिने पाण्यातून ओढून काढले आणि स्वत:च्या ओढणीने पुसले. "कळतं मला," ती म्हणाली. आता लाड संपला होता. "मनात धरून करतेयस तू हे. तुला आपली म्हटलं, कपडे आणले, तर तू तिला मोरीवर बसवतेस? सूड घेतेस एका लुळ्या बाईचा?"

सूड. घरी जाताना बसमध्ये उभी असताना जुहूरने हा शब्द उलटून पालटून पाहिला, कारण स्वत:शी खोटं बोलायची सवय तिला नव्हती. निवृत्त न्यायाधीश आले होते तेव्हा त्यांनाही तिने पेलेच दिले होते, बसड्रायव्हरला दिले होते, शाळेच्या मुख्याध्यापिकेला दिले होते. गरम पाणी सगळ्यांना सारखं. पण हाज्जाचा अंगठा पेल्याभोवती वळला तेव्हा आपल्या आत कुठेतरी एक थेंब गोड उतरला होता का? होता. ती खिडकीच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि तिने तो थेंब मान्य केला. आजीच्या नावाने तेवढा आपला हक्क आहे, असं तिने ठरवलं. त्या थेंबाने पाणी एका अंशानेही जास्त गरम झालं नव्हतं, कोपराचा कोन चुकला नव्हता, बाईचा अंगठा दीड महिन्यात पहिल्यांदा हलला होता. उपचार बरोबर होता. मग मनात काय होतं याचा जाब कोणाला द्यायचा? दुर्राच्या मनात काय आहे हे तिला कोणी विचारलं होतं? शेजारी उभ्या असलेल्या एका लेकुरवाळ्या बाईने तिला सहज विचारलं, "कुठल्या घरी कामाला आहेस गं तू? आमच्या गल्लीत एक जागा आहे." जुहूर म्हणाली, "मी लोकांना कामाला लावते." एरवी जुहूरला अशा उत्तराचं मागाहून वाईट वाटे. त्या दिवशी नाही वाटलं.

सकाळी मादाम सिहामने बोलावलं. खोली नीटनेटकी, खिडकीत तुळशीसारखं छोटं झुडूप, कॉफी तयार. सिहाम वाईट बाई नव्हती; जुहूरला नोकरीवर तिनेच घेतलं होतं, दुसऱ्या कोणी घेतलं नसतं त्या काळात, आणि याची ती वर्षातून एकदा तरी आठवण करून द्यायची. टेबलावर दोन कागद होते. एक हम्मामेत शहरात भरणाऱ्या संघटनेच्या संमेलनाचं भित्तिपत्रक, त्यावर जुहूरचा हसरा चेहरा आणि खाली 'आपल्या पेशात सर्वांना जागा.' दुसरा उपचारक बदलण्याचा अर्ज.

"बस. कॉफी घे," सिहाम म्हणाली. "काल ती मुलगी रडत होती माझ्यासमोर. आता हाज्जाला आपण दुसऱ्या उपचारकाकडे, अमीरकडे देऊ. फार वाढवू नकोस. इथे कारणाच्या रकान्यात लिही, 'उपचारकाच्या विनंतीवरून.' सही कर, संपलं."

"मी विनंती केलेली नाही."

"अगं तेवढं लिहायचं असतं. नाहीतर कारण काय दाखवायचं?"

"जे आहे ते."

"काय आहे?" सिहामने कप खाली ठेवला. "त्या बाईने तुला शिवी दिली? नाही. आमचीच म्हणाली. प्रेमाने म्हणाली."

"प्रेमाने तर शेळीलाही म्हणतात, मादाम."

सिहाम हसणार होती, पण हसली नाही. "जुहूर, ऐक माझं. शनिवारी तू व्यासपीठावर आहेस. दहा मिनिटं, देशभरचे लोक. दक्षिणेतल्या मुली तुला बघून या पेशात येतील. एका कागदासाठी हे सगळं घालवणार आहेस? तिथे जाऊन बोल ना काय बोलायचं ते."

जुहूरला त्या क्षणी वाटलं, आपण एखाद्या रोग्यासमोर बसलोय, त्याचे दोन्ही हात चांगले दिसताहेत पण ते एकमेकांना ओळखत नाहीत. एका हाताने भित्तिपत्रक पुढे केलेलं, दुसऱ्याने अर्ज. व्यासपीठावर जे बोलायचं ते या खोलीत लिहायचं नाही. आणि इथे जे लिहिलं त्याच्यावर उभं राहून तिथे काय बोलायचं? तिने पेन उचललं. कारणाच्या रकान्यात, स्वच्छ अक्षरात, घाई न करता लिहिलं, 'रोग्याच्या मुलीचं म्हणणं असं की मी त्यांच्या घरच्या गुलामांच्या वंशातली असल्याने त्यांची आहे, आणि मी त्यांच्या आईला पेला विसळायला सांगणं हा अपमान आहे. बदलाची विनंती माझी नाही.' खाली पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. सिहामने वाचलं. तिच्या गळ्यावर लाल डाग उठले. "हे मी पुढे पाठवू शकत नाही."

"मग मी पाठवते. आणि नियम असा आहे की रोगी शुद्धीवर असेल तर बदलासाठी त्याला विचारायचं, नातेवाइकाला नाही. हाज्जाला कोणी विचारलंय का?"

विचारलं नव्हतं. त्यामुळे दुपारी दुर्राला बाहेरच्या बाकावर बसवून सिहाम आणि जुहूर हाज्जाच्या समोर बसल्या. सिहामने हळू, सोप्या शब्दांत विचारलं, की हातांसाठी दुसरं कोणी हवंय का, की हीच राहू दे? हाज्जाने जुहूरकडे डावा हात केला. "सअदिया," ती म्हणाली. "सअदिया हवी."

सिहामने सुटकेचा श्वास सोडला. "बघ! मिटलं. तिला तूच हवीस." आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सअदिया म्हणू दे गं. तुझं काय जातं? म्हातारं माणूस आहे."

काय जातं? जुहूरने क्षणभर खरंच हिशोब केला, तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. हो म्हटलं की सगळं जागेवर. रोगी तिच्याकडे, अर्ज फाडलेला, शनिवारी हम्मामेत, पाठीमागे तिचा चेहरा. फक्त रोज सकाळी नऊ वाजता तासभर आजी व्हायचं, आणि आजी जशी होती तशीच, खालमानेने. तिला आठवलं, आजी भरवून घेताना डोळे मिटायची. तिने खुर्ची पुढे ओढली आणि हाज्जाच्या डोळ्यांसमोर आपला चेहरा आणला.

"हाज्जा, सअदिया माझी आजी. ती वारली. एकवीस वर्षं झाली. मी सअदिया नाही, मी जुहूर. मी हातांची उपचारक आहे. तुम्हाला जुहूर हवी का, ते सांगा. नको असेल तर नको म्हणा."

म्हातारीचा चेहरा आधी कोरा राहिला. मग लाल झाला. डावा हात टेबलावर आपटला, एकदा, दोनदा, पाण्याचा जग हलला. सिहाम उठू लागली, जुहूरने तिला नजरेने बसवलं. "वारली?" हाज्जा म्हणाली. शब्द मोडका होता पण स्पष्ट होता. "मला... नाही सांगितलं. कोणी."

"आमच्या घरून निरोप गेला होता. तुमच्या घरून कोणी आलं नाही."

"कशाने?"

"म्हातारपणाने. पण शेवटची चार वर्षं तिला चमचा धरता येत नव्हता. हातांमुळे."

खालच्या मजल्यावर कोणीतरी पावलं मोजत होतं, एक, दोन, थांबा, तीन. हाज्जा आपल्या उजव्या मुठीकडे पाहत होती, जशी ती आत्ताच कोणी आणून तिच्या मांडीत ठेवली आहे. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण अंगावरून वारं गेलेल्यांना पाणी उगीचही येतं, आणि जुहूरने ते कुठल्याच खात्यात धरलं नाही. सिहामने घसा साफ केला. "मग हाज्जा... काय करायचं? बदलायचं का?"

म्हातारीने मान वर केली. फार वेळ लागला, ओठ दोनदा चुकले. "मला काय विचारतेस," ती म्हणाली. "हिला विचार."

सिहामने जुहूरकडे पाहिलं. जुहूरला वाटलं होतं की असं काही कधी घडलंच तर आपल्याला खूप मोठं काहीतरी वाटेल, ढोल वाजतील, बापाचा चेहरा आठवेल. तसं काही झालं नाही. तिला राग आला, स्वच्छ आणि बारीक राग, की एवढी साधी गोष्ट कानावर यायला तिच्या घराण्याच्या किती पिढ्या गेल्या. पण आवाज शांत होता. "मी राहीन," ती म्हणाली. "रोज नऊ वाजता. मुलीने बाहेर बसायचं. मला नावाने हाक मारायची. पेले विसळायचे, कांदा सोलायचा, स्वत:चे केस स्वत: विंचरायचे. जमणार असेल तर."

हाज्जाने मान हलवली. ती होकाराची होती.

बाहेर आल्यावर सिहाम म्हणाली, "झालं ना तुझ्या मनासारखं? दे तो अर्ज, फाडून टाकू."

"नाही."

"आता कशाला? मिटलं की."

"मिटलं असेल. घडलं नव्हतं असं नाही." आणि ती जिना उतरून खाली आवक-जावक कारकुनाकडे गेली, अर्जावर तारीख घालून घेतली, शिक्का मारून घेतला, प्रत आपल्या पिशवीत टाकली. तिथून परत येताना पहिल्याच पायरीवर तिचा पाय अडखळला. पायांचं बघणारे लोक याच मजल्यावर आहेत, हे मनात येऊन ती एकटीच हसली. शुक्रवारी सिहामने दारातूनच सांगितलं की संमेलनाचा कार्यक्रम फार लांबतोय, संघटनेने काही भाषणं कमी केली आहेत. कोणाची, ते तिने सांगितलं नाही आणि जुहूरने विचारलं नाही. तिने एवढंच म्हटलं, "मग तो फोटोही काढायला सांगा." सिहाम म्हणाली, "छापून झालंय गं." "मग माझ्या तोंडावर कागद चिकटवा," जुहूर म्हणाली. "बोलायला मी नको असेन तर हसायलाही नको." आणि त्याच संध्याकाळी तिने संघटनेला पत्र पाठवलं, त्यात अर्जाची प्रत जोडली. उत्तर येईल की नाही ते तिला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात स्फाक्सहून एका अनोळखी मुलीचा फोन आला. ती व्यवसायोपचाराच्या तिसऱ्या वर्षाला होती, तुमचा अर्ज आमच्या वर्गात फिरतोय म्हणाली, कोणी पाठवला ठाऊक नाही. "ताई, आमच्याकडे मी एकटीच आहे," ती म्हणाली, आणि एकटीच कशी, हे तिला सांगावं लागलं नाही.

पण ते नंतरचं. शनिवारी सगळे हम्मामेतला गेले होते, केंद्र निम्मं रिकामं होतं. नऊ वाजता हाज्जा आली. दुर्राने खुर्ची दारापर्यंत ढकलली, आत डोकावून पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग बाकावर जाऊन बसली. जुहूरने कंगवा काढला होता, त्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळलेला. हाज्जाने डोक्यावरचा रुमाल डाव्या हाताने मागे सारला. केस विरळ होते, मेंदीने केशरी झालेले.

"जुहूर," ती म्हणाली. नाव तिच्या जिभेवर अडखळलं, पण निघालं. "सअदिया... मरताना... माझं काही बोलली? मला... माफ?"

जुहूरने तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत भीती होती, लहान मुलीची असते तशी. हो म्हणणं सोपं होतं. बाई सुखी झाली असती, हात कदाचित जास्त सैल पडला असता. नाही म्हणणंही सोपं होतं. आजी काय बोलली होती ते जुहूरला पक्कं ठाऊक होतं, कारण ती उशाशी बसली होती.

"ते आमच्या घरचं आहे, हाज्जा," ती म्हणाली. "ते मी इथे देत नाही. इथे मी फक्त हात देते. हात पुढे करा."

हाज्जाची मिटलेली मूठ छातीपासून सुटली आणि कोणी न ओढता, थरथरत, इंचभर पुढे आली.